दहा ते चार

आमच्या यांना वाद घालायला रोज कुणीतरी लागतं. आमच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, कुणी सापडलं नाही तर टीव्हीवरच्या बातम्यांशी घालतात, आणि समोरून उत्तर येत नाही म्हणून जिंकतातही. गुलाबराव त्यांचं नाव. मोर्शीहून बाविसाव्या वर्षी रायपूरला आले, वीज खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि छत्तीस वर्षांनी लाइन इन्स्पेक्टर होऊन घरी बसले. घरी बसले हे आपलं म्हणायला. माझ्या स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड त्यांनी तेव्हापासून चारदा बदललाय.

खात्यात त्यांचा शिरस्ता ठरलेला. लाइन किती वाजता बंद, किती वाजता चालू, हे कागदावर लिहून घ्यायचं, सही घ्यायची, मगच तारेला हात. छत्तीस वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही माणसाला झटका लागला नाही. पाहुण्यांना चहा मिळायच्या आत हे ऐकावं लागायचं, आणि मी आत डोळे फिरवत उभी असायची. पण गोष्ट खरी होती, म्हणून कधी टोकलं नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी महासमुंदच्या पुढे, जंगलाला लागून दोन एकर घेतली. कसायला भैय्यालालला दिली, अर्ध्या वाट्याने. भैय्यालाल तिथल्याच गावचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. यांच्या प्रत्येक वाक्याला त्याचं एकच उत्तर, "हव बाबू." असा श्रोता यांना जन्मात मिळाला नव्हता. आठवड्यातून दोनदा शेतावर जायचे, ते शेतीसाठी कमी आणि त्या 'हव'साठी जास्त, असं मी चिडवायची.

मग रानडुकरं आली. उन्हाळी धान पोटरीत आलं की कळप यायचा आणि एका रात्रीत अर्धं शेत लोळवून जायचा. त्याच सुमाराला रात्री डुकरं मारायची परवानगी द्यावी का, यावर सगळीकडे बोलणं चाललं होतं. आमच्या शेजारचे शेखरभैया परवानगीच्या बाजूने. त्यांच्या सासुरवाडीची शेती.

"डुक्कर येते रातच्याले, अन् मारायची परवानगी दिवसाची. कोणाच्या कामाची हो ते?" शेखरभैया विचारायचे.

"अंधारात हालून राहिलं ते डुक्करच असन, हे कोण सांगन? मानूस असला तं?" हे हात नाचवत म्हणायचे. "मी तं साफ विरोधात आहो."

रोज संध्याकाळी ओट्यावर हेच. एकदा मात्र शेखरभैयांनी विचारलं, "मंग लोकं डुकरासाठी चोरून करंटची तार लावतेत, ते बरं काय?" हे उठून पाणी प्यायला आत आले. माठाशी नुसते उभे राहिले. पेला भरलाच नाही. मी काही विचारलं नाही, कारण मला माहीत होतं.

आमच्या शेतात तार यांनीच लावून दिली होती.

मनात वाईट नव्हतं, हे मी देवासमोर सांगेन. पण मनात काय होतं त्याने काय होतं? भैय्यालाल दुसरीकडून शिकला तर वेडंवाकडं जोडून स्वतःच मरेल, असं यांनी मला समजावलं. आणि खात्यातला शिरस्ता शेतात नेला. कागदावर वेळ लिहून दिली: रात्री दहाला चालू, पहाटे चारला बंद. या वेळात शेतात माणूस नसतो, असा यांचा हिशेब. भैय्यालालने त्या दिवशी पहिल्यांदा 'हव'च्या आधी काहीतरी म्हटलं.

"महुआ के दिन आ गे हे बाबू. माईलोगन मन मुंधरहा निकलथें."

मोहाची फुलं रात्रीच गळतात. गुरं खायच्या आत वेचायची म्हणून बाया तीन वाजताच टोपल्या घेऊन निघतात. ही गोष्ट त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे म्हणाले, "अरे, त्या आपल्या शेतातून कायले येतीन? चारला बंद करून टाक." तो म्हणाला, "हव बाबू."

तार लावल्याच्या सहाव्या दिवशी, पहाटे तीनला, मीराबाई आली. शेजारच्या गावची, पन्नाशीची, बांधावरून आडवाटेने मोहाकडे निघालेली. अंधारात हात तारेला लागला. जीव वाचला. उजवा हात कोपराखाली कापावा लागला.

पोलिसांनी भैय्यालालला नेलं. कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. "खुद सीखा साहब," तो म्हणाला. कागद त्याने आधीच चुलीत घातला होता. त्याच्या बायकोने येऊन आम्हाला सगळं सांगितलं, तेव्हा यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "मंदा, मी ठाण्यात जाऊन येतो." मी दाराला कडी घातली आणि कडीला पाठ लावून उभी राहिले.

"काही गरज नाही. तुम्ही जाऊन तिचा हात परत येते काय? देवश्रीचं सासर काय म्हणन? या वयात कोठडीत बसता काय?"

यांनी कडीकडे पाहिलं. मग चपला काढल्या. चांगल्या माणसाला घरात कोंडायला कुलूप लागत नाही, लेकीचं नाव घेतलं की पुरतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि कळलं तरी मी ते केलं.

पुढची दोन वर्षं हे मीराबाईला भेटायला जात राहिले. मलमपट्टी, औषधं, दवाखान्याच्या चिठ्ठ्या. ती यांना आशीर्वाद द्यायची, आणि त्या दिवशी हे घरी जेवायचे नाहीत. भैय्यालाल जामिनावर सुटला, पण खटला चालूच. प्रत्येक तारखेला हे कोर्टात मागच्या बाकावर बसून यायचे. तो यांना दुरून नमस्कार करायचा. "त्यानं शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं," एवढंच एकदा म्हणाले.

गेल्या महिन्यात एका समितीने रात्रीच्या शिकारीवर लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली, इथल्याच एका शाळेच्या सभागृहात. हे निघाले. एकटं सोडायची माझी छाती झाली नाही, मीही गेले. सभागृह भरलेलं. मीराबाई पुढे बसली होती. भैय्यालाल मागच्या भिंतीशी उभा.

समितीच्या साहेबांनी प्रस्ताव वाचला. बंदुकीच्या परवानाधारकांनाच परवानगी, रात्री दहा ते पहाटे चार, "जब खेतों में लोग नहीं होते." माझ्या शेजारी हे खुर्चीच्या कडेला सरकले.

मीराबाई उठली. बंदुकीला परवानगी द्या, म्हणाली. "बंदूक के आवाज तो आथे साहब. तार के आवाज नइ आवय." मग पदराआडचा तुटका हात तिने यांच्याकडे केला, दवाखान्यात भेटायला यायचे त्या यांनाच विचारा म्हणून. "ए बाबू मोला देखे बर अस्पताल आवत रहिस. एला पूछव."

सगळे वळले. हे उठले. मी यांच्या सदऱ्याचं टोक धरलं होतं, ते माझ्या हातातून सुटलं.

"साहब, तीन बजे महुआ बीनने वाली औरतें खेत में होती हैं," हे म्हणाले. "मुझे बताया गया था. मैंने नहीं सुना. इस बाई का गुनहगार मैं हूँ."

"हम सब गुनहगार हैं, बाबूजी," साहेब गंभीरपणे म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

"नहीं साहब! तार मैंने जोड़ा था. इन हाथों से. भैय्यालाल ने नहीं."

टाळ्या थांबल्या. मीराबाई गोंधळून यांच्याकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "अइसन झन कहव बाबू." असं बोलू नका म्हणत होती; तिला वाटलं, हे भैय्यालालला वाचवायला स्वतःवर घेतायत. भिंतीशी भैय्यालालने मान वर केली होती. दोन वर्षांत मी त्याला अशी मान वर केलेलं पाहिलं नव्हतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "माताजी, इनकी तबीयत ठीक है ना?"

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं. एक शब्द पुरला असता. 'ठीक' म्हटलं असतं तर यांचं म्हणणं लिहून घ्यावं लागलं असतं.

"बीपी है साहब," मी म्हणाले. "बढ़ जाता है तो कुछ भी बोलते हैं."

कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी पंखा वाढवला. दोघांनी यांना धरून ऑटोत बसवलं. मागे वळून पाहिलं तर भैय्यालाल पुन्हा खाली बघत होता. सदर बाजारच्या गर्दीत ऑटो अडकला, तेवढा वेळ हे स्वतःचे तळवे बघत बसले होते. माझ्याशी वाद घातला नाही. त्यानंतर कुणाशीच घातलेला नाही. भैय्यालालची पुढची तारीख सोमवारी आहे.

बीपी मी त्या दिवशी सकाळीच पाहिलं होतं. एकशे वीस, ऐंशी.