आठ वाजायला बावीस मिनिटं

एल्वुड हॉर्नर गेला तेव्हा आमच्या तालुक्याच्या पेपरात त्याच्यावर चार ओळी आल्या. तीस वर्षं शाळेची बस चालवली, सव्वीस वर्षं मत्स्यखात्याचा मानद रक्षक होता, कर्तव्यदक्ष होता, मागे एक भाऊ आहे. यातलं काहीही खोटं नाही. पण चार ओळींत माणूस मावतो होय? मी त्याला पहिलीच्या वर्गापासून ओळखत होते. बेकर्स मिलच्या पुलाशी माझं दुकान आहे. गळ, दोऱ्या, रबरी बूट सगळं ठेवते, पण लोक मला गांडुळंवाली लोर्ना म्हणूनच ओळखतात. म्हणेनात का. माझ्या गांडुळांवाचून या गावाचा मोठा दिवस उजाडत नाही.

तो दिवस म्हणजे एप्रिलातला पहिला शनिवार. त्या दिवशी ट्राउट मासा धरायची बंदी उठते, सकाळी आठच्या ठोक्याला. ख्रिसमसला आली नाहीत तरी या दिवशी गावाबाहेरची पोरं घरी येतात. पहाटे चारपासून अग्निशमन केंद्रात कुट्टूच्या पिठाचे पॅनकेक आणि सॉसेज सुरू होतं. सहा वाजेपर्यंत ओढ्याच्या दोन्ही काठांवर खांद्याला खांदा लावून माणसं उभी राहतात. ज्याची त्याची जागा ठरलेली. जमिनीत एक बेचकं रोवायचं, त्याच्यावर गळाची काठी टेकवायची, की ती जागा तुमची. बापाचं बेचकं असेल तिथेच पोराचं. मग हात खिशात घालून आठ वाजायची वाट बघायची. कॉफी, टोमणे, गेल्या वर्षीच्या माशाची लांबी. ती दर वर्षी दोन बोटं वाढते.

आणि आठला शिट्टी वाजायची, ती एल्वुडची.

वेळेच्या बाबतीत तो माणूस दगड होता. त्याची बस आमच्या नाक्यावरून सात वाजून बारा मिनिटांनी निघायची. सात-तेराला पोर धावत आलं, दप्तर उडतंय, आई मागून ओरडतेय, तरी आरशात बघत एल्वुड गाडी पुढे काढायचा. एकदा डेल्पांची मार्सी, असेल नऊ वर्षांची, पावसात अशीच मागे राहिली. तिची आई माझ्या दुकानात येऊन त्याच्या नावानं बोटं मोडत होती. मी त्याला म्हटलं, "अरे एक मिनिट थांबला असतास तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"एकीसाठी थांबलो तर पुढच्या नाक्यावर अकरा जणं पावसात उभी राहतात," तो म्हणाला. "ती कुणाला दिसत नाहीत, लोर्ना. मला दिसतात."

त्याचं हे असंच होतं. चुकायचा नाही, आणि म्हणून त्याचा राग यायचा.

आता एकोणीस वर्षांपूर्वीची ती सकाळ. एल्वुडचे वडील हर्मन, सगळ्या गावाचे पॉप, जन्मभर कातड्याच्या कारखान्यात राबले आणि फुप्फुसं तिथेच ठेवून आले. डॉक्टर म्हणाले होते, उन्हाळा दिसेलसं वाटत नाही. धाकटा भाऊ क्लेटन त्यांना घोंगड्यांत गुंडाळून, खुर्चीसकट ओढ्यावर घेऊन आला. मोठ्या झाडाखाली त्यांची जागा होती. चाळीस वर्षांचं जुनं बेचकं, हिकरीच्या लाकडाचं, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. शेजारी प्राणवायूची नळकांडी. बारीक बर्फ पडत होता. मी पलीकडेच उभी होते, दहा पावलांवर.

साडेसातनंतर पॉपचे ओठ निळे पडायला लागले. क्लेटन म्हणाला, "चला पॉप, घरी जाऊ. पुढच्या वर्षी येऊ."

"पुढच्या वर्षी तू माझ्या थडग्यावर बसून गळ टाक," पॉप म्हणाले. "आत्ता काठी दे इकडे. एकदा पाण्यात पडू दे, मग ने कुठे न्यायचं तिथे."

क्लेटननं इकडेतिकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं. कुणी बूट बघायला लागलं, कुणी ढग. त्यानं आमिष लावून दिलं, पॉपनी गळ टाकला, आणि देवाची करणी बघा, दोरी पाण्यात पडते न पडते तोच मासा लागला. वीतभर ट्राउट. म्हातारा लहान मुलासारखा खिदळला.

ओढ्याच्या वरच्या अंगानं एल्वुड आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, त्याची फेरीच तिकडची होती. तो वडिलांसमोर उभा राहिला आणि घड्याळ बघितलं.

"पॉप, आठ वाजायला बावीस मिनिटं आहेत."

"मग वाजव की शिट्टी. शिट्टी तर तुझ्याचकडे आहे."

कुणी हसलं नाही. एल्वुडनं खाली बसून माशाच्या तोंडातला गळ हळूच सोडवला, मासा पाण्यात सोडला, हात पुसले आणि खिशातून दंडाचं पावतीपुस्तक काढलं.

क्लेटन म्हणाला, "एल्वुड. लेका, नको."

"काठावर दोनशे माणसं आहेत," एल्वुड म्हणाला. "घरच्याला सोडलं तर उद्या कुणाला काय सांगू?" आणि लिहायला लागला. नाव त्यानं न विचारता लिहिलं. मग थांबला. तो पुढे काय विचारणार ते माझ्या लक्षात आलं आणि मला वाटलं, देवा, एवढं नको विचारूस. पण रकाना होता ना!

"जन्मतारीख?"

पॉप त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तुझ्या आईला विचार."

एल्वुड-क्लेटनची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

पॉपनी ती पावती फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवली. येईल त्याला दाखवायचे. "बघा, माझ्या पोरानं बापालाही सोडलं नाही!" ते अभिमानानं म्हणायचे की जखम दाखवायचे, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. मे महिन्यात पॉप गेले. क्लेटननं घर घेतलं, फ्रिज घेतला, पावती तिथेच राहू दिली, आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. चर्चमध्ये एल्वुड डावीकडे, क्लेटन उजवीकडे. बाजारात एक दिसला की दुसरा रांग सोडायचा.

गाव दोन्हीकडून बोलायचं. कायदा तो कायदा म्हणणारे होते, आणि असला कायदा चुलीत घाला म्हणणारेही होते. मी दुसऱ्यातली. एल्वुडच्या तोंडावर बोललेसुद्धा. पण पुढच्या वर्षांत जे बघितलं त्यावरून मला वेगळंच कळलं. त्या सकाळनंतर तो आणखी कडक झाला. आधी दोन मिनिटांसाठी समज देऊन सोडायचा, आता अर्ध्या मिनिटालाही पावती. डोळ्यांनी अधू झालेल्या म्हाताऱ्या पाद्र्यालाही त्यानं सोडलं नाही. लोक म्हणायचे, माणूस आहे की लोखंड. मला वाटायचं, याला आता सोडता येतच नाही. एकाला जरी सोडलं, तर पॉपला का नाही सोडलं हा प्रश्न उभा राहतो. तो त्या एका पावतीला खरं ठरवण्यासाठी उरलेल्या सगळ्या फाडत होता. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची, आणि दोन्ही एकदम आलं की मी त्याला गांडुळांच्या डब्या उचलायला लावायचे.

लग्न केलं नाही. घर नीटनेटकं, चकचकीत, आणि त्यात एक माणूस.

गेल्या फेब्रुवारीत तो दुकानात आला. दोन वर्षांपूर्वी खात्यातून निवृत्त झाला होता. कोटाच्या आतली काया निम्मी झालेली. पोटाचा आजार आहे, डॉक्टरांनी हात टेकलेत, एवढं त्यानं बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाला, "मासेमारीचा परवाना दे. आणि पहिल्या शनिवारसाठी एक डबी गांडुळं ठेव."

सव्वीस वर्षांत त्या दिवशी त्यानं गळ हातात धरला नव्हता. मी म्हटलं, "चांगलं आहे की. पण शिट्टीच्या आधी टाकशील तर याद राख, मी तक्रार करीन."

तो हसला नाही. "क्लेटन अजून पॉपच्याच जागेवर उभा राहतो ना?"

"तुला माहीत नाही होय? सव्वीस वर्षं फेऱ्या मारल्यास."

"त्या सकाळनंतर त्या भागाच्या आधीच मी वळायचो," तो म्हणाला. "मला तिथे बसायचंय, लोर्ना. विचारशील त्याला?"

मी क्लेटनला फोन केला. तो म्हणाला, "ओढा काय माझ्या बापाचा आहे? बसू दे कुठे बसायचं तिथे." आणि ठेवला.

शनिवारी सहाला दुकान भाच्यावर टाकून मी एल्वुडला माझ्या गाडीतून नेलं. पॅनकेक पुढ्यात घेऊन त्यानं फक्त वास घेतला. काठापर्यंत जायला चारदा थांबावं लागलं. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यातल्या निम्म्यांनी त्याच्या हातची पावती घेतलेली होती. मी क्लेटनच्या शेजारी, तीन हातांवर खुर्ची मांडली. क्लेटननं मान वळवली नाही. पॉपचं बेचकं दोघांच्या मधोमध उभं होतं.

एल्वुडला थंडी सहन होईना. मी घोंगडी घातली, कॉफी दिली, ती त्यानं हातात धरून ठेवली. सव्वासातला म्हटलं, "नको होत असेल तर जाऊ या." त्यानं मान हलवली. सारखं घड्याळ बघत होता. मला वाटलं, आठची वाट बघतोय. सवय कुठे जाते!

पण नाही. सात वाजून अडतीस मिनिटं झाली आणि त्यानं काठी उचलली. गळ बरोबर प्रवाहात पडला. टपकन आवाज आला. पलीकडच्या काठावरचं बोलणं थांबलं. मग आमच्या काठावरचं थांबलं.

"अरे एल्वुड," मी कुजबुजले, "बावीस मिनिटं आहेत अजून."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

आता तिथली रक्षक मार्सी डेल्प आहे. तीच, पावसात मागे राहिलेली. वरून येत होती ती, अगदी एल्वुडसारखी, हात मागे बांधून. आमच्यासमोर आली. दोरी पाण्यात आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एल्वुड खुर्चीतल्या खुर्चीत ताठ बसला. बसमध्ये हजेरी घ्यायचा त्या आवाजात म्हणाला, "एल्वुड हर्मन हॉर्नर. जन्मतारीख नऊ ऑक्टोबर, एकोणीसशे बावन्न. आठ वाजायच्या आधी गळ टाकला. लिही."

मार्सीनं त्याच्याकडे बघितलं, मग क्लेटनकडे. क्लेटनची नजर पाण्यावर होती. मार्सीला सगळं ठाऊक होतं. गावात कुणाला नव्हतं?

"मी त्या टेकडीवर रानटर्की बघत होते, मिस्टर हॉर्नर," ती म्हणाली. "तुम्ही काही म्हणालात का?"

"लिही म्हणतोय. माझा गळ पाण्यात आहे."

"थंडीनं पेन चालत नाहीये हो माझं."

एल्वुडनं घोंगडीतून हात काढला आणि स्वतःचं पेन पुढे केलं. तयारीनिशी आला होता. शिक्षा घ्यायला आला होता, आता मला कळलं. सगळ्या गावासमोर, त्याच जागी, त्याच वेळेला, क्लेटनला दिसेल अशी.

मार्सीनं ते पेन घेतलं नाही. खाली वाकून त्याच्या गुडघ्यावरची घोंगडी नीट केली. "मला काही दिसलं नाही," ती हळूच म्हणाली, आणि हात मागे बांधून पुढे चालायला लागली. काठावरचे लोक बूट बघत होते, ढग बघत होते. अगदी तसेच, एकोणीस वर्षांपूर्वीसारखे. ती वळणापलीकडे गेली. पाच-सहा पावलं लागली असतील, जास्त नाही.

एल्वुड ती पावलं बघत राहिला. पेन तसंच पुढे धरलेलं होतं. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. माझ्यासारखी मूर्ख मीच. त्याचा चेहरा असा पडला की मला बघवेना.

"एवढंच?" तो म्हणाला. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. "एवढंच करायचं होतं तेव्हा?"

मी त्याच्या हातातलं पेन हळूच काढून घेतलं.

क्लेटननं पाण्यावरून नजर काढली. एकोणीस वर्षांनी तो भावाशी पहिल्यांदा बोलला. रागानं नाही, हे मी शपथेवर सांगते. आवाजात राग उरलाच नव्हता.

"हो," तो म्हणाला. "एवढंच होतं."

एल्वुड रडला. मी त्याला आईच्या दफनाला कोरड्या डोळ्यांनी उभं राहिलेलं बघितलं होतं, पॉपच्याही. आता तो तोंड न लपवता रडला, आणि काठी त्याच्या हातातून निसटायला लागली. क्लेटननं तीन हातांचं अंतर ओलांडून ती धरली. दोरी गुंडाळून पाण्याबाहेर काढली, काठी पॉपच्या बेचक्यावर टेकवली आणि भावाच्या खुर्चीला टेकून जमिनीवर बसला. आठ वाजेपर्यंत तो तिथून उठला नाही.

आठला मार्सीची शिट्टी वाजली. दोन्ही काठांवरून दोनशे गळ पाण्यात पडले. बेचक्यावरची काठी तिथेच राहिली.