काट्यावरचा माणूस

फोल्डर उघडलं की तो आधी चष्मा काढायचा. टेबलावर उलटा ठेवायचा आणि खुर्ची थोडी खिडकीकडे वळवायचा. पडद्यावर कोणाच्या लग्नाचे, कोणाच्या बारशाचे फोटो असतील, ते त्याला नुसते रंगाचे ठिपके दिसायचे.

"लोकांच्या घरातला आपण कित्याक बघूचा?" तो म्हणायचा. "माका वजन होया. माल नको."

फाइली हार्ड डिस्कवर गेल्या की चष्मा परत डोळ्यांवर. मग जुन्या पावतीपुस्तकाच्या कोऱ्या बाजूला तो दोन आकडे लिहायचा. डावीकडे कॉम्प्युटरमधल्या फोल्डरचं वजन, उजवीकडे डिस्कवर उतरलेल्याचं. वजन हा त्याचाच शब्द. शेवटच्या अंकापर्यंत दोन्ही जुळले की खाली एक रेघ मारायचा आणि चहा मागायचा. तोवर चहाला हात नाही. आमच्या घरी त्याच्यासाठी बायको उंडे, गोव्याचे गोल पाव, काढून ठेवायची. ते चहात बुडवून खाताना मात्र त्याला कसलंच मोजमाप नसायचं.

तुमच्या ओळखीतही असा एखादा असेल, ज्याच्याशी घासाघीस करून उपयोग नसतो. माझं अर्धं आयुष्य घासाघिशीत गेलं. सावंतवाडीकडून गोव्यात डिचोलीला आलो तेव्हा अंगावर दोन शर्ट होते. आधी खाणीवर दुसऱ्याचा टिपर चालवला, मग स्वतःचा घेतला. टायरवाल्यापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना मी खाली उतरवलं. हा उतरला नाही. खाणीच्या वजनकाट्यावर तो बसायचा. पिंजऱ्याएवढी खोली, एक कॉम्प्युटर आणि एक खिडकी. भाडं वजनावर मिळायचं, म्हणून पंधरा वर्षं मी त्या खिडकीशी भांडलो.

"थोडा वाढव मरे. तुझ्या घरचा जाता काय?"

"काटो माझो भावोजी नाय, ड्रायव्हर. सांगान ऐकना नाय."

एकदा मी केबिनमध्ये दोन जाडजूड पाहुणे बसवले आणि नदीवरच्या बार्जीत, म्हणजे मालवाहू होडीत, जायच्या मालानं भरलेला टिपर काट्यावर घेतला. तो खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाला, "ड्रायव्हर, पावण्यांका खाली उतरव. ते बार्जीत जावचे नाय." मागच्या रांगेतले सगळे हसले. ते हसणं मी कितीतरी वर्षं मनात ठेवलं होतं. मला सोडून देता येत नाही. हा माझा स्वभाव आहे आणि तो मी लपवत नाही.

खाणी बंद झाल्या. मी टिपर विकून हरमलला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. तो नार्व्याला घरी बसला. पण काट्यावर रोज संध्याकाळी दिवसभराच्या वजनांची दुसरी प्रत काढून ठेवायची, ही सवय त्याच्या हाताला होती. तेच काम तो घरोघर जाऊन करायला लागला. स्कूटरच्या डिकीत एका प्लास्टिकच्या डब्यात केबली, आणि वर ते पावतीपुस्तक. डिचोलीपासून पेडण्यापर्यंत कोणाचा कॉम्प्युटर कुरकुरला की लोक त्याला बोलवायचे.

माझ्या हॉटेलात पहिल्यांदा आला तेव्हा मी मुद्दाम मालकाच्या खुर्चीत बसून होतो.

"खय असा मशीन, ड्रायव्हर?"

"शेट म्हण. आता हॉटेल असा माझा."

"बरा," तो म्हणाला. "खय असा मशीन, ड्रायव्हर?"

बायको आतून हसली. तिचं आणि त्याचं जमायचं. मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढायचा तिला नाद होता. परसातल्या अळूपासून मांडावर ढालो नाचणाऱ्या बायकांपर्यंत काहीही. मोबाइल भरला की सगळं ती कॉम्प्युटरमधल्या आपल्या फोल्डरमध्ये टाकायची. ते फोल्डर मी कधी उघडलं नव्हतं. मला वेळ नव्हता, असं तेव्हा म्हणायचो.

मग ती आजारी पडली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात भरती केली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आपल्या कॉम्प्युटरचो आवाज बदललो हा. मी आयकलंय घरातसून निघताना. त्या काट्यावरच्या भाऊंका बोलव आणि माझा सगळा डिस्कवर घालून घे."

इतकंच तिनं मागितलं. संत्री नको म्हणाली, उशी नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. कॉम्प्युटरला कान लावून बसला, जसा डॉक्टर छातीला लावतो. मग चष्मा काढला, फोल्डर डिस्कवर सोडलं आणि खिडकीकडे वळला. मी घड्याळ बघत होतो. भेटीची वेळ चारची आणि हरमलहून बांबोळी काही जवळ नाही. काम संपलं म्हणून मी गाडीची चावी उचलली. त्यानं चष्मा घातला, दोन आकडे लिहिले आणि रेघ मारली नाही.

"जुळना नाय."

"कितक्या कमी?"

"कमी असा. आतली डिस्क वाचना नाय नीट. जरा थंड करूया आणि परत घालूया. दोन तास लागतले."

"दोन तास? अर्धो तास घे."

"ता माझ्या हातात नाय, ड्रायव्हर. तू जा बांबोळीक. मी बसतंय हय."

मी कोणाला माझ्या घरात एकटा सोडत नाही. पाहुण्यांचे पासपोर्ट, किल्ल्या, सगळं त्याच टेबलाच्या खणात असतं. मी ते त्याला तोंडावर सांगितलं. त्यानं पावती तेवढी पुढे केली. मग माझं डोकं फिरलं. पंधरा वर्षांचं सगळं बाहेर आलं. दर खेपेला थोडं कमी, थोडं जास्त म्हणून मला त्या खिडकीशी उभा करायचास, पावण्यांसमोर माझं हसं केलंस, आता माझी बायको तिकडे पडलीय तरी तुझा काटा! मी केबल उपटली. "पुरे झाला. चल, भायर हो."

आणि तो उठला.

माझा त्याच्यावरचा राग नेमका हा आहे, आणि तो अजून गेलेला नाही. काट्यावर मी ओरडलो, पाया पडलो, धमक्या दिल्या, एकदा खिडकीची काच फोडली. तो हलला नाही. त्या दुपारी मात्र त्यानं माझं ऐकलं. डबा उचलला, चपला घातल्या. पायरीवरून एवढंच म्हणाला, "मी उद्या येतंय. तवसर चालू करू नको."

मी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते, पण आत सोडलं. तिनं डोळे उघडले.

"सगळा इला?"

"इला," मी म्हटलं.

"भाऊंनी रेघ मारली?"

"मारली."

संध्याकाळी घरी आलो तर दोन परदेशी पाहुणे पायरीवर बसलेले. त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरल्याशिवाय खोली देता येत नाही. मी कॉम्प्युटर चालू केला. आत टिकटिक झाली, नखानं पत्रा वाजवावा तशी, आणि पडदा काळा झाला. पुन्हा तो उजळला नाही. सकाळी त्याचा फोन आला तेव्हा मी उचलला नाही. आठ दिवसांनी ती गेली.

बाराव्याला तो न बोलावता आला. जेवला नाही. कॉम्प्युटर उघडून आतली डिस्क बाहेर काढली, आपल्या केबलीला जोडली, कानाशी धरली. बराच वेळ धरली. मग टेबलावर ठेवून रुमालानं हात पुसले.

"काय ऱ्हवला होता त्यात?" मी विचारलं. "कसले फोटो? कोणाचे?"

"मी बघूक नाय, रे."

चष्मा काढलेला. मलाही माहीत नव्हतं. म्हणजे माझ्या घरातून काय गेलं हे जगात कोणालाच माहीत नव्हतं. बायकोला होतं, आणि तिला मी खोटं सांगितलं होतं.

केबली डब्यात भरताना तो म्हणाला, "फार नव्हता. थोडाच."

मी पावती पाहिली होती. थोडं नव्हतं. जवळजवळ चौथा हिस्सा होता. आयुष्यात त्यानं पहिल्यांदा कोणाला वजन चुकवून सांगितलं असेल, तर ते मला. तेव्हा मला तेही सहन झालं नाही. मी त्याच्याकडे न बघता आत गेलो. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज ऐकला. त्यानंतर आमची गाठ पडली नाही.

डिस्कवर जे आहे ते मी सगळं बघितलं. दुपारच्या वेळी खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा बघतो. बघताना काही होत नाही. अळू आहे, मांजर आहे, ढालोच्या बायका आहेत. ती स्वतः फार कमी आहे, कारण मोबाइल तिच्याच हातात असायचा.

मुलगी पुण्याला असते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "बाबा, आईनं तुमची नक्कल केली होती तो व्हिडिओ पाठवा ना."

"कसली नक्कल?"

"तुम्हांला माहीत नाही? तुमची टोपी घालून, कमरेवर हात ठेवून, दारात स्कूटर लावणाऱ्याला झापताना. मीच काढला होता तिच्या मोबाइलवर. हसताना माझा हात हलतोय त्यात."

मी पूर्ण डिस्क पुन्हा बघितली. नाही. निदान एक तरी काय गेलं ते मला कळलं.

हे सांगावं असा माणूस एकच होता. मी नार्व्याला गेलो. देवळापासून खाली नदीकडे घर विचारत गेलो. त्याची बायको ओसरीवर बसून भाजी निवडत होती. कपाळावर कुंकू नव्हतं. तिनं खुर्ची पुढे केली. ते जाऊन दोन महिने झाले म्हणाली. झोपेतच. मला कोणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

"तुमी खयचे?"

"हरमलचो. हॉटेल असा."

तिचा हात भाजीवर थांबला. "ड्रायव्हर? तुमचा नाव काढीत ते. 'मेल्यान भायर काढल्यान आणि मी गपचूप इलंय,' म्हणत. हरमलचा काम अर्धा ऱ्हवला. जेवताना मदीच म्हणत." ती माझ्याकडे बघत होती. "ता पुरा झाला मगे?"

"नाय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. भाजीची परात बाजूला सारली आणि चहा ठेवायला आत गेली.