सायकलीबरोबर कोण बसणार

अण्णांनी साताऱ्याला राहायला यायचं कबूल केलं, पण सायकल बरोबर आली पाहिजे अशी अट घातली. अण्णा म्हणजे माझे वडील. ऐंशी ओलांडलेले, आई गेल्यापासून सांगलीत नदीजवळच्या गल्लीत एकटे राहणारे. आदल्या पावसाळ्यात पुराचं पाणी त्यांच्या पायरीला लागलं तेव्हा शेजारच्या मुलांनी त्यांना होडीत बसवून बाहेर काढलं. त्याआधी त्यांनी त्याच मुलांकडून सायकल दोराने ओढून गच्चीवर चढवून घेतली होती. आधी सायकल, मग स्वतः. हे त्यांनी मला फोनवर अभिमानाने सांगितलं, आणि मी इकडे रात्रभर फोन हातात धरून बसले होते याबद्दल त्यांना काहीही वाटलं नाही.

पुढचा पावसाळा सांगलीत काढायचा नाही, हे मी त्या दिवशीच ठरवलं. त्यांना तयार करायला हिवाळा आणि अर्धा उन्हाळा गेला. शेवटी सगळं सायकलीवर येऊन अडलं.

"टेंपोने पाठवू," मी म्हणाले.

"सायकलीबरोबर कोण बसणार?"

"कोणी कशाला बसायला हवं? बांधून आणतील."

"समोरच्यांचा फ्रिज असाच बांधून नेला होता. पोचला तेव्हा दार वेगळं, फ्रिज वेगळा."

"मग पुढचं चाक काढू आणि आपल्या गाडीत घालू."

"तुझा पाय काढून तुला गाडीत घातलं तर चालेल?"

ही सायकल काळी, जड, सळीच्या ब्रेकची. अण्णांनी हळदीच्या पेढीवर दिवाणजी म्हणून जन्म काढला आणि रोज तिच्यावरूनच गेले. सांगली सपाट आहे, तिथे या वयातही माणूस सायकल चालवू शकतो. सातारा उतारावर वसलेला आहे आणि आमचं घर त्या उताराच्या मधोमध. साताऱ्यात तिचा उपयोग काय, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नाही. विचारला असता तर ते आलेच नसते.

आता आमच्या गाडीबद्दल. गाडी माझ्या नवऱ्याची. तो फौजेतून निवृत्त झाला तेव्हा आपल्या एका वरिष्ठांकडून त्याने ती जुनी घेतली. उंच, आखूड आणि दोन दारांची. मागे बसायचं असेल तर पुढची सीट पाडायची, कंबरेत वाकायचं, एक पाय आत टाकायचा आणि दुसरा मागून ओढून घ्यायचा. हे मी साडीत, पावसात, गुडघा दुखत असताना आणि हातात डबा असताना केलेलं आहे. गाडी विकणे हे काम माझ्या यादीत कितीतरी वर्षं सगळ्यात वर आहे. यादीतली बाकीची कामं होतात, खोडली जातात. हे तिथेच आहे.

अण्णांना मागे चढता येणार नाही, म्हणजे ते पुढे बसणार. मागे मी, दोन ट्रंका आणि गादी. सायकलीला जागा टपावरच उरली. म्हणून टपावर कॅरिअर बसवायचं ठरलं, आणि मूर्खपणाने मला वाटलं की हे एका दुपारचं काम आहे.

साताऱ्यातली आणि कऱ्हाडातली दुकानं मी स्वतः पालथी घातली. सगळीकडे एकच प्रकार. दुकानदार आधी मोबाईलवर छान छान कॅरिअरची चित्रं दाखवायचा, मग बाहेर येऊन गाडी बघायचा आणि मोबाईल खिशात ठेवायचा. नव्या गाड्यांना टपावर पट्ट्या असतात, त्यांत तयार कॅरिअर अडकतं. आमच्या गाडीला पट्ट्या नाहीत. टपाच्या दोन्ही कडांना पाणी वाहून जायला पत्र्याची पन्हळ आहे, तेवढीच. त्या पन्हळीला चिमटे लावून कॅरिअर बसवायची पद्धत होती म्हणे, पण ते चिमटे आता कोणी ठेवत नाही.

"करून घेऊ की," नवरा म्हणाला. "उंब्रजला आपला माणूस आहे."

या आपल्या माणसाचं हायवेला लागून वर्कशॉप आहे. तो यांचा शाळासोबती. वर्षानुवर्षं तो एकच वस्तू करतो, ती म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायची उसाची ट्रॉली. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, टपावर थाप मारली आणि विचारलं,

"बोला फौजी, किती टन?"

"सायकल आहे," मी म्हणाले. "एक सायकल."

"आज सायकल हाय वैनी. उद्या काय चढवाल, कुणी सांगावं? मोळ्या टाकल्या तरी हालनार न्हाई, आसं करतो."

"मोळ्या टाकायच्या नाहीत."

"आवं, पर टाकल्या तर?"

नवरा मान हलवत होता. मी टेप नेली होती, कागदावर टपाचं चित्र काढून मापं लिहून नेली होती. त्याने कागद आदराने घेतला आणि त्यावर चहाचा ग्लास ठेवला. माप त्याने वितीने आणि एका तारेच्या तुकड्याने घेतलं. दोन्ही दारं बंद होती, तशीच बंद ठेवून घेतलं. हे मी पाहिलं आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही, याचा मला अजून राग येतो.

पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याच्या गावची यात्रा निघाली.

आमच्या भागात चैत्र-वैशाखात गावागावांच्या यात्रा असतात, हे मला माहीत आहे. मीही लग्नापासून इथलीच आहे. पण एखादं काम अडल्याशिवाय त्या किती असतात ते कळत नाही. नवरा कॅरिअर आणायला म्हणून उंब्रजला गेला आणि संध्याकाळी मटणाच्या रश्श्याचा वास घेऊन परत आला. हातात माझ्यासाठी भरून दिलेला डबा.

"कॅरिअर?"

"अगं, यात्रेला जेवायला बोलावल्यावर कामाचं कसं काढायचं?"

नंतर वेल्डरच्या सासुरवाडीची यात्रा आली, ती पाटणकडे. तो तिथे गेला आणि यांनाही घेऊन गेला, कारण दुसऱ्या दिवशी कुस्त्या होत्या. मग त्याच्या बहिणीच्या गावची, रहिमतपूरच्या बाजूला. मी स्वतः फोन केला.

"वैनी, यात्रंत मशीनला हात लावत न्हाई आमी."

"यात्रा तुमच्या बहिणीच्या गावची आहे. मशीन तुमच्या गावात आहे."

"व्हय, पर हात माझा हितं हाय ना."

मी फोन ठेवला. घरात तिन्ही गावचे डबे घासून ओळीने ठेवले होते, परत द्यायचे म्हणून. तिकडे अण्णा रोज फोनवर पाण्याची पातळी सांगत होते. सांगलीचा माणूस नदीचं पाणी फुटांत सांगतो, जसा दुसरा कोणी पेट्रोलचा भाव सांगेल. "अजून तळाला आहे. घाई कसली? कॅरिअर होऊ दे नीट." त्यांना घाई नव्हती, हेच माझं दुखणं होतं. पाऊस सुरू झाला की ते म्हणणार, आता पावसात कुठे सामान हलवायचं. मग पाणी वाढणार आणि पुन्हा होडी. वळवाचे ढग दुपारी डोंगरावर जमायला लागले होते.

शेवटी एकदा कॅरिअर तयार झालं. मी बरोबर गेले. दुसऱ्या कोणावर आता भरवसा नव्हता. ते ट्रॉलीच्या उरलेल्या लोखंडी अँगलचं होतं, निळ्या रंगाचं, चहूबाजूंनी गुडघाभर उंच कठडा आणि दोर बांधायला कड्या. पुढच्या पट्टीवर पिवळ्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' लिहिलं होतं.

"हे कशाला?"

"ट्रॉलीवर लिवतोच की. ह्याचं येगळं पैसं न्हाईत."

नवरा ते वाचून गहिवरला. चौघांनी मिळून ते वर चढवलं तेव्हा गाडी खाली बसल्याचं मला स्पष्ट दिसलं. वेल्डर म्हणाला, मागं जरा वजन पायजे, मग गाडी कशी बसते ते कळंल. माझ्याकडे बघून म्हणाला. मी सीट पाडून, वाकून मागे जाऊन बसले. सीट पुन्हा जागेवर केली, दारं लावली, आणि त्या दोघांनी बाहेरून चिमट्यांचे बोल्ट आवळले. नारळ फोडला. अगरबत्ती लावली. मग नवऱ्याने दार उघडलं.

ते चार बोटं उघडलं आणि थांबलं. दुसरं दार उघडलं. तेही तेवढंच. चिमट्यांची खालची टोकं पन्हळीच्या खाली उतरली होती, बरोबर दाराच्या वरच्या कडेसमोर. चार दारांच्या गाडीत एखादं दार तरी सुटलं असतं. इथे दोनच, लांबलचक, आणि दोन्ही अडकलेली.

वेल्डरने एकदा चिमट्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"फौजी," वेल्डर म्हणाला, "ट्रॉलीला दार नस्तं बगा."

"काच खाली करून पुढून बाहेर येतेस का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "बोल्ट काढा."

"आत्ताच आवळल्यात वैनी, लय टाईट," वेल्डर म्हणाला. "च्या घ्या तवर."

चहा मला खिडकीतून मिळाला. नारळाचा प्रसादही. हायवेवरून जाणारी एक म्हातारी थांबली, आत वाकून बघून म्हणाली, "कुनाची गं तू?" मी तिला नारळाचा तुकडा दिला. बोल्ट निघेपर्यंत मी मागच्या सीटवर बसून, कॅरिअरचे पुढचे पाय दाराच्या पुढे आणि मागचे पाय दाराच्या मागे घ्यायला किती अँगल वाढवावा लागेल, याचा हिशोब मागून घेतलेल्या त्याच कागदावर, चहाच्या गोल डागाच्या बाजूला केला. या वेळी कागद वेल्डरच्या हातात दिला नाही. त्याच्यासमोर, दारं सताड उघडून, खडूने पन्हळीवर खुणा केल्या. वजन कमी व्हावं म्हणून कठडा कापायला लावला. तो कापताना त्याचा चेहरा असा होता, जणू मी घरातलंच कोणी कापायला सांगितलं होतं. 'आईचा आशीर्वाद' तेवढा नवऱ्याने राहू दिला.

मध्ये आणखी एक यात्रा झाली. त्याबद्दल लिहीत नाही.

आम्ही सांगलीला पोचलो तेव्हा आभाळ भरलेलं होतं, पाऊस नव्हता. ट्रंका भरून ठेवा असं मी बजावलं होतं. त्या रिकाम्या होत्या. अण्णा बाहेर आले, गाडीभोवती फिरले, कॅरिअर धरून हलवून पाहिलं. ते हललं नाही, गाडी हलली.

"मजबूत आहे," ते म्हणाले. "छान झालं. आता काळजी नाही. पाणी पायरीला लागलं की फोन करतो, तुम्ही गाडी घेऊन या. सायकल वर, मी आत, की निघालो. आत्तापासून कशाला उगाच?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. तो काही बोलला असता, बहुतेक "बरोबर आहे" असंच, पण माझा चेहरा बघून ट्रंकेवर बसला. मी गेल्या पुरातल्या त्या रात्रीबद्दल बोलणार होते. रस्ते बंद असतात, गाडी हायवेवरच्या पेठ नाक्याच्या पुढे येणार नाही, हे सगळं क्रमाने सांगणार होते. पण हे सगळं माझं हिवाळ्यात सांगून झालं होतं. मी अंगणात गेले, सायकलीचं कुलूप काढलं आणि नवऱ्याला म्हणाले, "वर घ्या."

आम्ही दोघांनी ती चढवली. खाली जुनी गोधडी घातली, हँडलला चादर गुंडाळली, चार कड्यांतून दोर ओवला. अण्णा पायरीवरून बघत होते. म्हणाले, पॅडलचा मार टपाला लागेल. मी पॅडलखाली उशी दिली. म्हणाले, दोर ढिला आहे. मी तो आवळला.

"सायकल घेऊन आम्ही निघतोय, अण्णा," मी म्हणाले. "तिच्याबरोबर कोण बसणार ते तुम्ही बघा."

अण्णांनी एकदा दोराकडे पाहिलं. मग आत गेले. आतून कपाट उघडल्याचा, ट्रंकेत काही टाकल्याचा आवाज आला. मी मदतीला गेले नाही. अण्णा बाहेर आले तेव्हा त्यांनी घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारी दिली आणि शेजारणीला म्हणाले, "सायकल पोचवून येतो."

वाटेत त्यांनी गाडी चार ठिकाणी थांबवली. दर वेळी खाली उतरून गाठी तपासल्या. दर वेळी मी मागून विचारलं, अण्णा, जरा उतरू का, आणि दर वेळी ते म्हणाले, बस गं, सीट पाडायला लागेल.

'पोचवून येतो' म्हणालेले अण्णा त्या पावसाळ्यात परत गेले नाहीत. पुढे त्यांच्या गल्लीत पाणी आलं, तेव्हा शेजारी फोनवर फूट सांगत होते आणि ते इथे खुर्चीत बसून हूं, हूं करत होते. त्या दिवशी माझी चिडचिड झाली नाही, एवढं खरं.

बाकी रोज होते. कारण साताऱ्यात सायकलीचा उपयोग काय, हा न विचारलेला प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. ते सकाळी सायकलवर बसतात आणि उताराने थेट माहुलीच्या संगमापर्यंत खाली जातात. या वयात. मी ब्रेकची रबरं बदलून घेतली आहेत, शिट्टी दिली आहे, हेल्मेट दिलं आहे. ते खुंटीला असतं. खाली कृष्णेचं पाणी बघतात. हेच पाणी पुढे सांगलीला जाणार, म्हणून तिथून शेजाऱ्यांना फोन करून सांगतात. मग मला फोन करतात.

"ये गं गाडी घेऊन. चढ लागतो."

मी जाते. कॅरिअर काढता येत नाही, वेल्डरने शेवटी बोल्टच वेल्ड करून टाकले. सायकल मी एका बाजूने धरते, अण्णा दुसऱ्या बाजूने धरल्यासारखं करतात, आणि ती वर जाते. गाडी विकायचं काम मी यादीत खाली सरकवलं आहे. खोडलेलं नाही.