मातीवाल्या बाईची मुलाखत

आमच्या सूनबाईला विद्यापीठात सगळे मातीवाली बाई म्हणतात. पाण्यातलं शिसं शोषून घेईल अशी माती ती भाजून, चाळून तयार करते. नखं कायम करडी. डॉक्टरेट झाल्यापासून तिची नोकरी अशीच, एका मुदतीची संपली की दुसऱ्या मुदतीची. घरं इतकी बदलली की पडद्यांचं नाव काढलं की म्हणते, "बाबा, पुढच्या घरी शिवू."

यंदाची मुदत संपत आली आणि त्याच विद्यापीठात संशोधकाची एक जागा निघाली. जागा तीन वर्षांची आणि काम तिच्याच मातीचं. घरात सगळ्यांनी ती मिळाल्यातच जमा धरली. तेवढ्यात तिने नव्या खाणीतून आणलेल्या मातीवर नेहमीचा प्रयोग केला, तर पाण्यातलं शिसं निम्मंसुद्धा उतरेना. तिने तो पुन्हा केला. तेच.

माझ्या मुलाने तिला बजावलं, की तू मुलाखतीला बसणार आहेस, कबुलीजबाबाला नाही. जुन्या मातीचं छापून आलंय तेवढंच बोल. ती भांडी घासत राहिली.

समितीतली माणसं वेगवेगळ्या गावी असल्याने मुलाखत घरूनच, संगणकावर होती. खिडकीतून ऊन पडत होतं म्हणून तिने खिळ्यांना चादर टांगली आणि दार लोटून घेतलं. मी नातीला खांद्यावर घेऊन बाहेर खुर्ची टाकली. वरच्या मजल्यावर कुणी भिंतीला भोकं पाडत होतं. मुलगा धावत जाऊन त्यांना थांबवून आला.

तिच्या कानात इयरफोन होते, त्यामुळे प्रश्न ऐकू येत नव्हते, नुसती तिची उत्तरं. आवाज छान लागला होता. मुलाने मला अंगठा वर करून दाखवला. मग पुढचा प्रश्न आला असावा.

"नाही," ती म्हणाली. "ही माती कारखान्यात बनवायला आत्ता घेता येणार नाही. नव्या मातीवर प्रयोग फसलाय. का, ते मला अजून कळलेलं नाही."

मुलाचा अंगठा खाली आला. नात चुळबुळली, तिला थोपटत मी दाराकडे कान लावला. आत ती हळू आवाजात आणखी काही सांगत होती, मग आभार मानले, मग खुर्ची सरकली.

दार उघडल्यावर मुलगा म्हणाला, "लावलीस वाट."

"सरळ विचारलं रे त्यांनी," ती म्हणाली आणि घटाघट पाणी प्यायली.

दोन दिवस नवराबायको फक्त मुलीच्या दुधापुरतं बोलले. फोन वाजला की मी आधी तिच्या तोंडाकडे बघायचो.

शेवटी समितीतल्या एका बाईंचा फोन आला. तीन वर्षं नाही, सहा महिने. त्यात प्रयोग का फसला ते शोधायचं, मग पुढचं बघू.

"नोकरी नाही, जामीन मिळालाय," मुलगा म्हणाला. पण तिचा डबा त्यानेच भरला, आणि ती चपला घालत असताना विचारलं, "दोन्ही माती वेगवेगळ्या ठेवल्यात ना? की झाली सरमिसळ?"

ती हसली. चादर अजून खिडकीवरच होती. मी पडद्यांचं विचारलं.

"सहा महिने थांबा, बाबा," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.