बिचाऱ्याचा दम

माझा नवरा मेकॅनिक आहे. इंजिनाची त्याला जितकी कणव, तितकी माणसांची असती तर मी तोंड उघडलं नसतं. आठवडाभर स्वतःच्या जुन्या गाडीसाठी इंजिनाला थंड हवा पुरवणारा इनटेक निवडणं चाललं होतं. काल त्यानं दोन आणले आणि थेट माझ्या ओट्यावर मांडले, चिरलेल्या भाजीशेजारी.

"हा उघडा फिल्टर दिसायला झकास," तो म्हणाला, "पण इंजिनाजवळची तापलेली हवाच ओढतो. हा दुसरा बंद डब्याचा. याचा पाइप बंपरमागून बाहेरची गार हवा आणतो. गरम हवेत बिचाऱ्याचा दम कोंडतो गं!"

मी शेगडीपुढे घामानं निथळत होते. आमच्या स्वयंपाकघराला एकच खिडकी, आणि गॅरेजात जागा नाही म्हणून यानं तिच्याबाहेर छपरापर्यंत जुने टायर रचलेत. सांगून सांगून माझं तोंड दुखलं, हा ढिम्म!

मी गॅस बंद केला, बाहेर गेले आणि एकेक टायर रस्त्यावर ढकलून दिला. हा बोंबलत मागे धावला. "अगं, डोकं फिरलं का तुझं?"

"तो डब्याचाच घे," मी म्हणाले. "त्या बिचाऱ्याची सोय तू केलीस. या बिचारीची मी करतेय."