यांच्याबरोबर कोण आहे?

पुण्यात नोकरी लागली तेव्हा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकच अट घातली. "नव्या हापिसात एकटी जाऊन दाखव. न्हाई जमलं तर माझ्यासंगं गावाकडं चल."

मला जन्मापासून दिसत नाही. तालुक्याच्या शाळेत मी अण्णांचा खांदा धरून जायची. कुणी घर रंगवलंय, कुणाची म्हैस सुटलीय, ते सगळं सांगत चालायचे. पायरी आली की नुसते खाकरायचे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्या पदवीत त्यांचा खांदा निम्म्याहून जास्त आहे.

पहिल्या दिवशी वारज्यातल्या माझ्या खोलीवरून आम्ही दोघं बसने निघालो. उतरल्यावर मी पांढरी काठी उघडली, मोबाईल दोरीने गळ्यात अडकवला आणि एका कानात इअरफोन घातला. मोबाईलचा कॅमेरा समोरचं पाहून बोलतो: डावीकडे खांब, पुढे गेट. अण्णा थोडं अंतर ठेवून मागे होते. त्यांनी बोलायचं नाही, असं ठरलं होतं. गेटपाशी मागून खाकरणं ऐकू आलं आणि लगेच काठीला पायरी लागली.

"अण्णा!"

"म्या कुठं बोललो?"

दारात वॉचमन म्हणाला, "मॅडम, इथे शूटिंगला बंदी आहे."

"शूटिंग नाही हो, दार शोधतेय."

त्याला काठी दिसली असावी. "या, समोरच आहे," तो म्हणाला. मग आवाज चढला. "आजोबा, तुम्ही कुठे? यांच्याबरोबर आहात का?"

"न्हाई, न्हाई. मी आपला असाच."

"मग असेच बाहेर थांबा."

हिच्याबरोबर आहे म्हटलं, तर मी एकटी गेले असं धरता येणार नाही, असं त्यांना वाटलं असणार. वळून सांगावंसं फार वाटलं, हे माझे वडील आहेत. पण अट त्यांचीच होती. मी आत गेले.

फोनने लिफ्ट दाखवली, दारांवरच्या पाट्या वाचल्या, कुठेही चुकला नाही. मला मात्र खिडकीत कोण उभं आहे, कुणाच्या टेबलावर काय आहे, हे अण्णांच्या आवाजात ऐकायचं होतं.

संध्याकाळी अण्णा बाहेरच्या कट्ट्यावर बसलेले होते.

"जमलं?"

"जमलं."

ते कपडे झटकत उठले. मग म्हणाले, "उद्या निघतो तर मी."

"राहा की दोन दिवस."

"कशाला? जमतंय की तुला."

जमलं, हे मीच नुकतं सांगितलं होतं.