लॉख टेवरचा सॅमन आणि माझा वाटा

परुळेकर काका कायमचे मालवणला निघाले होते, म्हणून आम्ही स्कॉटलंडला गेलो. काका मँचेस्टरच्या हॉस्पिटलात डॉक्टर. मी दोन गल्ल्या पलीकडच्या रेस्टॉरंटात कांदे सोलणारा. नववीत शाळा सोडली, मग दुबई, मग लंडन, मग इथं. एका जागी पाय टिकत नाही. पण गाव एकच, त्यामुळे रविवारचं जेवण त्यांच्याकडे. काका लॉख टे नावाच्या तळ्यावर दोनदा सॅमन धरायला जाऊन हात हलवत परत आले होते. म्हणाले, "एक सॅमन धरल्याशिवाय मी विमानात बसणार नाही." तिकीट तर काढून झालं होतं.

शुक्रवारी सकाळी माझ्या जुन्या गाडीतून निघालो. मोटरवेने सरळ वर, स्टर्लिंगला चहा, पुढे रस्ता अरुंद होतो आणि मेंढ्या हॉर्नला विचारत नाहीत. पाच-सहा तास धरा. तळ्याकाठच्या किलिन गावात बी अँड बी, म्हणजे कुणाच्या घरची खोली आणि सकाळचा नाश्ता, परवडतो. बोट, बोटवाला आणि परमिट मात्र आधी बुक करा, आणि ते महाग आहे हे मनाला सांगून ठेवा. रविवारी इथं सॅमन धरायला बंदी, म्हणजे आमच्या हातात फक्त शनिवार.

इथली पद्धत ट्रोलिंगची, म्हणजे बोट हळूहळू चालवत मागं गळ ओढत न्यायचा. गळाला काकडीएवढा रंगीत लाकडी मासा. दोन काठ्या, डावी काकांची, उजवी माझी. आमचा बोटवाला डंकन दोन तासांत चार वाक्यं बोलला, त्यातली तीन वाऱ्याबद्दल. थर्मल घालून जा. मी जीन्सवर गेलो, दुपारपर्यंत पाय आहेत की नाहीत ते कळेना. काकांनी पिशवीत कोकमाच्या आगळाची बाटली, माशाच्या आमटीसाठी तिरफळं, नारळाच्या दुधाचा डबा, सगळं आणलेलं. मासा तेवढा बाकी होता.

चारच्या सुमारास डाव्या काठीचं रीळ करकरलं. काका गुडघ्यामुळे उठेपर्यंत दोर सरासरा पळत होता. आमची घरची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दहा-वीस माणसांनी ओढायचं लांब जाळं. दोर पळताना दिसला की हात आपोआप जातो. मी धरला. तळहात चरचरला.

"सोड मेल्या, सोड!" काका ओरडले. पंधरा वर्षं इंग्रजीत पेशंटना समजावणारा माणूस. मी सोडला, आणि मासा अजून गळालाच होता.

मग काकांनी तो कसा आणला ते मला नीट सांगता येणार नाही. काठी वाकायची, काका वाकायचे, डंकन बोट वळवायचा. शेवटी जाळ्यात चांदीच्या पत्र्यासारखा सॅमन. काका हसत होते, नाक पुसत होते. मी म्हटलं, आता तिरफळं काढा. डंकनने मान हलवली. या मोसमातला मासा परत सोडायचा, इथला नियम. बुकिंग मी केलं, तेव्हा विचारायचं सुचलंच नाही.

 काकांनी बाही वर करून हात बर्फासारख्या पाण्यात घातले, मासा सरळ धरला, आणि शेपटीने त्यांच्या तोंडावर पाणी उडवून तो गेला. माझ्या हाताला पट्टी बांधताना म्हणाले, "झालं रे. आता विमानात बसतो."

संध्याकाळी चिपच्या दुकानातला तळलेला हॅडॉक मासा, आणि बी अँड बीच्या ग्लासात आगळ अन् नारळाच्या दुधाची सोलकढी. आम्हाला सोडायला आलेल्या डंकनला वाटलं स्ट्रॉबेरी मिल्क. पहिल्या घोटाला चेहरा आंबला, मग ग्लास पुन्हा पुढं आला.

काका गेले. परवा त्यांचा फोन आला, रापणीवर जाऊन उभे राहतात म्हणे, आणि तिथं सांगताना सॅमन दर वेळी थोडा लांब होतो. इकडे कांद्याचं पाणी लागलं की तळहातावरची त्या दोराची रेघ चुरचुरते. आमच्या किनाऱ्यावर दोराला ज्याचा हात लागला त्याला वाटा मिळतो, मग तो पाहुणा असला तरी. मासा तळ्याने ठेवून घेतला. माझा वाटा मी घेऊन आलो.